एका मुलाच्या हक्कासाठी: शाळेच्या पटापासून जिनिव्हापर्यंत

बालहक्कांसाठी काही करावे असे वाटणारी माणसे पुष्कळ असतात. त्यांतल्या बऱ्याच जणांचा उत्साह दोन-तीन महिन्यांत मावळतो आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: मागणी मोघम असते. ‘मुलांचे शोषण थांबवा’ असे निवेदन तहसील कार्यालयात दिले, की ते आवक नोंदवहीत चढते, त्यावर शिक्का पडतो आणि ते फायलीत जाते. कोणते मूल, कोणता हक्क, कोणत्या अधिकाऱ्याने काय करायचे आणि कधीपर्यंत, यातले त्यात काहीच नसते. मग तो अधिकारी तरी काय करणार?

नेमके कसे मागावे याचा धडा आपल्याकडे जुना आहे. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, सक्तीचे करा, असे वय घालून त्यांनी मागितले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या वाट्याला जातो, हा हिशेबही त्यांनी मांडला. वय, पैसा, जबाबदार यंत्रणा. आजचे निवेदनही याच तीन गोष्टींवर उभे राहते.

कायदा कोणता सांगायचा

संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता २० नोव्हेंबर १९८९ रोजी मंजूर केली आणि भारताने ती ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती म्हणजे मूल, ही तिची व्याख्या. ५४ कलमांतली चार पाठ असू द्या: दुसरे (भेदभाव नको), तिसरे (मुलाचे हित आधी), सहावे (जगणे आणि वाढणे) आणि बारावे (मुलाशी संबंधित निर्णयात त्याचे म्हणणे ऐकणे). बारावे कलम सगळ्यात जास्त विसरले जाते. आपण मुलासाठी धावतो आणि त्याला काय हवे ते विचारायचे राहून जाते.

पंचायत समितीत किंवा पोलीस ठाण्यात मात्र संहितेचे कलम सांगून काम हलत नाही. तिथे देशातला कायदा लागतो. शाळेसाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा, लैंगिक अत्याचारासाठी २०१२ चा पॉक्सो, काळजी आणि संरक्षणासाठी २०१५ चा बालन्याय कायदा, लग्नासाठी २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आणि मजुरीसाठी २०१६ साली दुरुस्त झालेला १९८६ चा बालकामगार कायदा. अर्जात कायद्याचे नाव आणि कलम एका ओळीत लिहा आणि पुढे जा. दोन पाने कळकळ लिहिली, तर वाचणारा तिसऱ्या ओळीला थांबतो.

१०९८ वर काय बोलायचे

१०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. २०२३ पासून ती सरकार चालवते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाला जोडलेली आहे. फोन फुकट आहे, चोवीस तास लागतो. जीव धोक्यात असेल तर थेट ११२ लावा.

फोन केला की आधी जागा सांगा: गाव, तालुका, जवळची खूण. मग मुलाचे अंदाजे वय, काय चालले आहे, आत्ता धोका आहे का, आणि तुम्हाला हे कसे कळले. स्वतः पाहिले की ऐकले, हे खरे सांगा. ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी सांगितली, तर पथक चुकीच्या तयारीने येते. नाव सांगायचे नसेल तर तसे म्हणा. फोनची तारीख, वेळ आणि मिळाला तर नोंद क्रमांक वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी काहीच हालचाल दिसली नाही, तर जिल्हा बाल संरक्षण अधिकारी आणि बालकल्याण समिती यांच्याकडे हाच क्रमांक घेऊन जायचे असते. ‘परवा केव्हातरी फोन केला होता’ याला किंमत नाही.

काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला बालकल्याण समितीसमोर चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, हजर करावे लागते. हे पोलीस करू शकतात, डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक करू शकतात, साधा नागरिक करू शकतो आणि ते मूल स्वतःही जाऊ शकते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, तर चौकशी तुम्ही करू नका. मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका आणि मोबाइलवर त्याचे बोलणे रेकॉर्ड तर मुळीच करू नका. प्रत्येक वेळी सांगताना मूल तेच पुन्हा भोगते, आणि चारदा सांगितलेल्या हकिकतीत चार फरक निघाले की बचाव पक्षाचे फावते. मूल आपणहून बोलले तर ऐका, ‘तू सांगितलेस ते बरे केलेस’ एवढे म्हणा आणि १०९८ किंवा पोलिसांना कळवा. कळवणे बंधनकारक आहे. माहिती असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. ‘गावातच मिटवून टाकू’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना या दोन्ही गोष्टी शांतपणे सांगा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

ठरलेले लग्न थांबवणे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. म्हणजे पाचातल्या एकीहून जास्त. तुमच्या गावात हा प्रश्न नाही असे धरून चालू नका.

लग्नाची कुणकुण पत्रिका छापण्याच्या बऱ्याच आधी लागते. सुपारी फुटलेली असते, बस्ता बांधायला माणसे शहरात गेलेली असतात, मुलगी अचानक शाळेत यायची थांबते. या टप्प्यावर वयाचा कागद मिळवणे हे पहिले काम. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र आधी धरले जाते. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. मुख्याध्यापकांना जनरल रजिस्टरचा उतारा तयार ठेवायला सांगा. आधारवरची जन्मतारीख वयाचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. ती पुरेशी नाही. आधारवर वर्ष वाढवून आणण्याचे प्रकार होतात, म्हणून शाळेची नोंद मोलाची.

दुसरे काम, योग्य माणसाला कळवणे. महाराष्ट्रात गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि अंगणवाडी सेविका त्यांना साहाय्य करतात. पुष्कळ ठिकाणी अडचण इथेच होते. ग्रामसेवकाला त्याच गावात नोकरी करायची असते आणि सेविकेला त्याच आळीत राहायचे असते, म्हणून दोघेही कचरतात. त्यांना दोष देत बसण्यापेक्षा त्यांच्यावरचा भार हलका करा. तक्रार तुम्ही १०९८ वर द्या. मग ‘वरून फोन आला म्हणून यावे लागले’ असे त्यांना सांगता येते. मुलीच्या घरी जाताना पोलीस पाटील आणि मुख्याध्यापक सोबत असू द्या.

काही जण आपुलकीने आधी एकटेच घरच्यांना समजवायला जातात. हेतू चांगला असतो, परिणाम उलटा होतो: रातोरात मुलगी मामाच्या गावी जाते आणि लग्न पहाटे तिकडे लागते. घरच्यांशी बोलणे हवेच. ते अधिकाऱ्यांना कळवल्यानंतर आणि त्यांच्यासोबत.

घरच्यांनी हमीपत्र लिहून दिले की गाव सुटकेचा श्वास सोडते. तिथेच फसगत होते. हमीपत्रावर अंगठा उमटवून आठ दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात अक्षता पडतात. म्हणून कुटुंब ठाम नाही असे दिसले, तर कायद्याच्या तेराव्या कलमाखाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मनाईहुकूम मागावा. हा अर्ज अधिकारीच करू शकतो असे नाही. ज्याला प्रत्यक्ष माहिती आहे असा कोणीही करू शकतो, संस्थाही करू शकते. तातडी असेल तर समोरच्याला नोटीस न देता अंतरिम आदेश निघतो. मनाईहुकूम मोडून लावलेले लग्न कायद्याने मुळातच रद्द ठरते. एरवी अल्पवयीनाचे लग्न आपोआप रद्द होत नाही. ते रद्द करून मागण्याचा हक्क त्या मुलीला किंवा मुलाला असतो आणि सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत तो वापरावा लागतो. हा फरक पुष्कळ कार्यकर्त्यांनाही माहीत नसतो.

मंगल कार्यालयाचा मालक, आचारी, बँडवाले, पत्रिका छापणारा आणि लग्न लावणारा, या सगळ्यांना लग्नसराईच्या आधीच भेटा. बालविवाह लावणाऱ्याला आणि त्याला हातभार लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. छपाईवाल्याने वयाचा दाखला मागायला सुरुवात केली की निम्मे काम तिथेच होते. अक्षय्य तृतीयेसारख्या मुहूर्ताला सामूहिक लग्ने लागतात. त्या दिवसांपुरते जिल्हाधिकाऱ्यांनाच बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याचे सगळे अधिकार असतात. निवेदन त्यांच्याकडे निदान पंधरा दिवस आधी पोचवा.

लग्न मोडल्यावर त्या मुलीचे काय, हा प्रश्न त्याच दिवशी हाती घ्या. घरात तिला बोल लावले जातात, कधी मारही बसतो. तिला शाळेत परत बसवणे, पुढच्या वर्गाची फी आणि एसटीचा पास यांची सोय लावणे, आणि पुढचे सहा महिने एखाद्या बाईंनी दर आठवड्याला तिच्याशी एकटीशी बोलणे, एवढे ठरल्याशिवाय उठू नका. घरी राहणे तिला सुरक्षित वाटत नसेल, तर बालकल्याण समिती आहे.

उसाच्या फडावर जाणारी शाळा

बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव, परभणी या भागांतून दसरा-दिवाळीनंतर हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत परत येता येत नाही. मुले सोबत जातात: लहानगी कोपीपाशी, म्हणजे फडावरच्या झोपडीपाशी, धाकट्याला सांभाळतात, बारा-तेरा वर्षांची वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतात, मोळ्या बांधतात. मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. दोन हंगाम असे गेले की मूल शाळेला मुकते, आणि शाळा सुटलेल्या मुलीचे लग्न लवकर ठरते. वरचा विषय आणि हा विषय असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

इथे मागण्या दोन. ज्या मुलांचे आजी-आजोबा गावात राहतात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह. यात मूल घरीच झोपते आणि सकाळ-संध्याकाळचे जेवण शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मिळते. जी मुले आईवडिलांसोबतच जाणार, त्यांना निघण्यापूर्वी शिक्षण हमी कार्ड, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवून लगेच वर्गात बसता येते. दाखला नाही किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि स्थलांतरित मुलांना प्रवेश देणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. दोन्ही गोष्टी शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहेत.

बिघडते ते वेळापत्रकात. वसतिगृहाचा प्रस्ताव दिवाळीनंतर तयार होतो, मंजुरी डिसेंबरात येते, आणि तोवर ट्रॅक्टर निघून गेलेले असतात. म्हणून घरोघरची यादी ऑगस्टमध्ये करा. मुकादमाने उचल कुणाला दिली हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. त्यावरून कोणती घरे जाणार ते कळते. प्रत्येक घरी तीनच गोष्टी विचारा: ६ ते १४ वयाची मुले किती, मागे राहिली तर सांभाळणारे कोण, आणि मुलाला स्वतःला काय हवे. पटावर नाव कमी होईल या भीतीने काही शाळा मूल गेले तरी हजेरी लावत राहतात. मुख्याध्यापकांना सांगा की खरी नोंद झाली तरच कार्ड आणि जेवणाची मागणी करता येते.

निवेदन असे लिहा. आकडे तुमच्या गावचे घाला:

“प्रति, गटशिक्षणाधिकारी. विषय: ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील १७ मुलांचे शिक्षण सुरू ठेवणे. आमच्या गावातून यंदा ४२ कोयते जाणार आहेत. त्या कुटुंबांत ६ ते १४ वयाची १७ मुले आहेत. त्यांपैकी ११ जणांचे आजी-आजोबा गावात राहणार असून या मुलांसाठी हंगामी वसतिगृह घटस्थापनेपूर्वी सुरू करावे. उरलेल्या ६ मुलांना निघण्यापूर्वी शिक्षण हमी कार्ड द्यावे आणि ती ज्या कारखान्याच्या परिसरात जाणार, तिथल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना तसे कळवावे. नावांची यादी मुख्याध्यापकांकडे आहे. केलेल्या कार्यवाहीची माहिती १५ दिवसांत लेखी द्यावी.”

निवेदनात मुलांची नावे नाहीत, हे मुद्दाम. दोन प्रती न्या, एकीवर सही, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच म्हणजे तुमचे भांडवल. ती फायलीत लावा, फोटो काढून आणखी दोघांकडे ठेवा. उत्तर आले नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करा. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, आणि त्यावरचे अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाते.

ढाब्यावरचा मुलगा

चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. १४ ते १८ वयाच्या मुलांना खाणी, स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया वर्ज्य. एक सवलत आहे: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, घरच्या व्यवसायात, धोका नसलेली मदत. ‘पुतण्या आहे आमचा’ हे उत्तर या सवलतीतून येते. म्हणून तक्रारीत वार आणि वेळ लिहा: मंगळवार, सकाळी अकरा. ही शाळेची वेळ असली की सवलत लागू होत नाही.

मालकाशी हुज्जत घालू नका, संध्याकाळपर्यंत मुलगा दिसेनासा होतो. तक्रार १०९८ वर, कामगार विभागाकडे किंवा केंद्राच्या पेन्सिल पोर्टलवर करा. सुटकेनंतर मुलगा बालकल्याण समितीसमोर जातो आणि तिथून पुढे बहुतेकांचे लक्ष उडते. घरची उधारी तशीच असते, त्यामुळे तो महिन्याभरात दुसऱ्या ढाब्यावर लागतो. आईवडिलांचे छत्र हरपले असेल, एकच पालक असेल किंवा पालक दुर्धर आजारी असतील, तर बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळतात. त्यासाठी मृत्युदाखला, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड आणि बँक खाते लागते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा असतो. एका विधवा आईसोबत बसून हा एक अर्ज नीट भरून देणे हे फलक घेऊन काढलेल्या फेरीपेक्षा मोठे काम आहे. ज्याला ‘मी एकटा काय करणार’ असे वाटते, त्याने इथून सुरुवात करावी.

ग्रामसभा, माहिती अधिकार आणि आमदार

महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून निदान चार होतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा सर्वांना पाठ आहेत. विषय आयत्या वेळी मांडला तर ‘पुढच्या वेळी पाहू’ होते, म्हणून आठ-दहा दिवस आधी लेखी देऊन तो विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. ठराव मंजूर झाला की त्याची नक्कल मागा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. हा पैसा कुठे गेला, हा प्रश्न एकदा विचारला की सभेचा सूरच बदलतो.

उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकार. जोडपत्र ‘अ’ मध्ये अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. हे राज्याचे नियम आहेत आणि ते मोडले की अर्ज परत येतो. ‘निधी का वापरला नाही’ असे विचारू नका, कारणमीमांसा देणे त्यांच्यावर बंधनकारक नाही. ‘अमुक वर्षात या निधीत किती रक्कम जमा झाली, किती खर्च झाली, खर्चाच्या पावत्यांच्या प्रती द्याव्यात’ असे मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून.

जिल्ह्याच्या पातळीवर अडले तर आमदारांकडे जा. त्यांना कागद तयार करून द्या: तारांकित प्रश्नासाठी चार-पाच ओळींचा मसुदा, सोबत तुमची पोच आणि माहिती अधिकारात मिळालेला कागद. अधिवेशन सुरू झाल्यावर जाऊ नका, दीड-दोन महिने आधी भेटा. विरोधी पक्षाच्या आमदाराला जे द्याल तेच सत्ताधाऱ्यालाही द्या. मुलांचा विषय एका झेंड्याखाली गेला की अर्धे गाव पाठ फिरवते.

मुलाचा चेहरा

हे वेगळे सांगायलाच हवे, कारण भल्या माणसांकडून सर्वांत जास्त चूक इथे होते. सुटका झालेल्या मुलासोबत फोटो काढून गटावर टाकला जातो. बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करायला मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. डोळ्यांवर काळी पट्टी मारून भागत नाही. मागे शाळेची पाटी दिसते, गणवेश दिसतो, आई ओळखू येते. मुलीचे लग्न थांबवल्याची बातमी गावाच्या नावासह छापून आली, तर त्या गावात ती मुलगी कोण हे सांगायला कुणाची गरज नसते. पत्रकारांना तालुक्यापर्यंतच माहिती द्या.

देशाबाहेरचे दरवाजे

गावात जमवलेले हेच कागद जिनिव्हाला उपयोगी पडतात. संहिता पाळली जाते का हे पाहायला तिथे संयुक्त राष्ट्रांची १८ तज्ज्ञांची समिती आहे. प्रत्येक देश तिला दर पाच वर्षांनी अहवाल देतो आणि ४५ व्या कलमामुळे नागरिकांच्या संस्थांनाही आपला पर्यायी अहवाल देता येतो. मुलांचे गटही देऊ शकतात. भारताच्या तिसऱ्या आणि चौथ्या अहवालाचा एकत्र आढावा २०१४ मध्ये झाला. त्या वेळच्या शिफारशी महाजालावर आहेत. त्यांतली एक निवडा, तुमच्या तालुक्यात तिचे काय झाले ते कागदांनिशी लिहा आणि बालहक्कांवर काम करणाऱ्या राज्यातल्या किंवा देशातल्या संघटनेच्या एकत्रित अहवालात द्या. एकट्याने पाठवलेली वीस पाने हरवतात. पंचवीस तालुक्यांचा एकच मुद्दा सांगणारी दोन पाने वाचली जातात.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेचा सर्वदेशीय आढावा, म्हणजे प्रत्येक सदस्य देशातल्या मानवी हक्कांच्या स्थितीची ठरावीक काळाने होणारी तपासणी, हा दुसरा दरवाजा. तिथे एका संस्थेला २,८१५ शब्द आणि संयुक्त निवेदनाला ५,६३० शब्द मिळतात. शब्द जास्त झाले तर निवेदन स्वीकारत नाहीत. भारताचा असा आढावा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला.

काही दरवाजे बंद आहेत हेही माहीत हवे. एखाद्या मुलाची वैयक्तिक तक्रार थेट जिनिव्हाच्या समितीकडे नेण्याची सोय २०११ च्या तिसऱ्या ऐच्छिक करारनाम्याने केली आणि २०१४ पासून ती चालू आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही, त्यामुळे इथल्या मुलासाठी तो मार्ग नाही. भारताने त्यात सामील व्हावे ही मागणी खासदारांकडे करण्यासारखी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडेही साधा नागरिक जाऊ शकत नाही, कामगार संघटना जाऊ शकते. बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांविरुद्धचा १८२ क्रमांकाचा करार ऑगस्ट २०२० मध्ये टोंगाने मान्य केला आणि संघटनेच्या सगळ्या, म्हणजे १८७ सदस्य देशांची त्यावर संमती झाली. भारताने तो २०१७ मध्ये मान्य केला आहे. त्याची अंमलबजावणी होत नाही हे ऊसतोड कामगारांची नोंदणीकृत संघटना तिथे मांडू शकते. तुमची यादी आणि पोच त्या संघटनेला द्या.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींसमोर वेगळे काम आहे. बालहक्क संहिता मान्य न केलेला संयुक्त राष्ट्रांचा तो एकमेव सदस्य देश. सही १९९५ सालीच झाली; मान्यतेला सिनेटमध्ये दोनतृतीयांश मते लागतात आणि मुद्दा तिथे कधी पोचलाच नाही. नागरिकत्व घेतलेल्यांनी आपल्या दोन्ही सिनेटरांच्या कार्यालयात हा एकच प्रश्न मतदार म्हणून लेखी विचारावा. राज्याच्या पातळीवर फळ लवकर मिळते: अठरा वर्षांखालच्या लग्नावर पूर्ण बंदी घालणारी डेलावेअर आणि न्यू जर्सी ही पहिली दोन राज्ये, दोन्ही २०१८ मध्ये. आणि गावाकडच्या अनाथाश्रमाला देणगी पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा. बालन्याय कायद्याखाली नोंदणी आहे का? तिथल्या किती मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत? घरी परत पाठवण्यासाठी गेल्या वर्षी काय केले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘बरीचशी’ असे आले, तर तोच पैसा त्या घरांपर्यंत कसा पोचेल ते बघा.

जिनिव्हाहून शिफारशी आल्या की त्यांतला आपल्या भागाला लागू होणारा परिच्छेद मराठीत उतरवा. संहितेच्या ४२ व्या कलमानुसार मोठ्यांना आणि मुलांना तिची ओळख करून देणे ही सरकारचीच जबाबदारी आहे, तेव्हा शाळेत तो वाचून दाखवायला कुणी आडकाठी करू नये. ग्रामसभेच्या आधी बालसभा घ्या, परिच्छेद मुलांना वाचून दाखवा, आणि पुढच्या निवेदनात पहिली मागणी कोणती असावी ते त्यांच्याकडून लिहून घ्या.